मेंदूत न्यूरॉनपेक्षा ग्लिया दहापट? नाही हो

अजूनही फॉरवर्ड येतं की मेंदूत 100 अब्ज न्यूरॉन (संदेश वाहून नेणाऱ्या चेतापेशी) आणि त्यांच्या दहापट ग्लिया (न्यूरॉनना आधार देणाऱ्या मदतनीस पेशी) असतात. कितीतरी वर्षं पाठ्यपुस्तकांतही हेच छापलं जायचं, त्यामुळे लोकांना दोष देत नाही, पण आकडा चुकीचा आहे.

ब्राझीलच्या मेंदूशास्त्रज्ञ सुझाना हर्कुलानो-हाउझेल यांच्या टीमने 2009 मध्ये चार पुरुषांचे दान केलेले मेंदू घेतले, त्यांचं अक्षरशः सूप केलं, म्हणजे पेशी फुटतात पण त्यांची केंद्रकं शाबूत राहतात आणि एका पेशीत एकच केंद्रक, मग तीच रंगवून मोजायची, किती साधी आणि सुंदर आयडिया! निघाले सरासरी 86 अब्ज न्यूरॉन आणि बाकी सगळ्या पेशी मिळून साधारण 85 अब्ज, त्यातही रक्तवाहिन्यांच्या पेशी आल्याच. म्हणजे जवळपास एकास एक.

मला सगळ्यात भारी वाटतं ते वेगळंच, 86 पैकी 69 अब्ज न्यूरॉन मागच्या छोट्याशा अनुमस्तिष्कात असतात, ज्याचं वजन मेंदूच्या जेमतेम दहा टक्के!

आणि ग्लिया कमी निघाल्या म्हणून बिनकामाच्या समजू नका, न्यूरॉनच्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण त्याच बनवतात.