क्लस्टरमध्ये फाइलवर लीज का नाकारली जाते : पार्श्वभूमी

एकच प्रोग्रॅम, लीज मागणारा तोच एफसीएनटीएल कॉल. लीज म्हणजे दुसरं कुणी ही फाइल उघडायला आलं तर आधी तुला कळवू, असं कर्नलने प्रोग्रॅमला दिलेलं आश्वासन. एक्सटी४ या एकाच मशीनच्या फाइल सिस्टीमवर ती लगेच मिळते; क्लस्टरमधली अनेक मशीन (नोड) मिळून वापरतात त्या जीएफएस२ वर लिनक्स कर्नल 'ईइन्व्हॅल', म्हणजे 'पॅरामीटर चुकीचा' ही एरर, तोंडावर फेकतो. लॉग पाहणाऱ्याला वाटतं आपलाच पॅरामीटर चुकला. पॅरामीटर बरोबर असतो. नकार २००७ सालचा आहे आणि तो मुद्दाम घातलेला आहे.

गोंधळाचं मूळ 'लीज' या शब्दातच आहे. भाडेपट्टा म्हटला की मुदत आलीच, आणि १९८९ साली वितरित फाइल कॅशसाठी ही कल्पना मांडली गेली तेव्हा सगळी मदार मुदतीवरच होती : क्लायंट मेला तर सर्व्हरने मुदत संपेपर्यंत थांबायचं आणि पुढे जायचं. लिनक्स २.४ मध्ये आलेल्या लीजला मात्र मुदतच नाही. ती घेतली की घेतली. दुसऱ्या कुणी फाइल उघडायला गेलं की लीजधारकाला सिग्नल जातो, आणि तो आवरतं घेईपर्यंत उघडणारा ताटकळतो; डीफॉल्ट ४५ सेकंद, मग कर्नल लीज स्वतःच मोडतो. ही सोय प्रामुख्याने सांबाच्या (विंडोजच्या एसएमबी पद्धतीने फाइल देणाऱ्या सर्व्हरच्या) ऑपलॉकसाठी, म्हणजे क्लायंटला फाइल आपल्याकडे साठवू देणाऱ्या परवानगीसाठी, होती. एनएफएस या नेटवर्कवरून फाइल देणाऱ्या दुसऱ्या पद्धतीच्या चौथ्या आवृत्तीत अशा परवानगीला 'डेलिगेशन' म्हणतात. तिथे 'लीज' म्हणजे क्लायंटच्या सगळ्या स्टेटची (उघड्या फाइल, लॉक वगैरेंची) मुदत. २००९ मध्ये एसएमबी २.१ ने सुधारित ऑपलॉकलाही लीजच म्हटलं. एका शब्दाचे तीन-चार अर्थ, आणि चर्चेत प्रत्येक जण आपापला धरून बोलणार.

क्लस्टरची बाजू वेगळ्या वाटेने आली. १९८० च्या दशकातल्या व्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टीमच्या क्लस्टरमधली सहा मोडची लॉक पद्धत थोड्याफार फरकाने लिनक्सच्या डीएलएममध्ये, म्हणजे नोडांमधले लॉक सांभाळणाऱ्या व्यवस्थेत, उतरली. २००६ मध्ये ओसीएफएस२ आणि जीएफएस२ या दोन्ही क्लस्टर फाइल सिस्टीम मुख्य कर्नलमध्ये आल्या. इथे मेलेल्या नोडची मुदत कुणी मोजत बसत नाही. त्याला फेन्स करतात, म्हणजे त्याची वीज तोडतात किंवा स्टोरेजची वाट बंद करतात. मगच त्याचा जर्नल (बदलांची नोंद) वाचून लॉक सोडवले जातात.

अडचण अशी. राइट लीज (लिहिण्यासाठीची) द्यायची तर फाइल दुसऱ्या कुणी उघडलेली नसावी, आणि ही तपासणी कर्नल स्वतःच्याच मेमरीत करतो. पहिल्या नोडवर लीज दिली, क्लायंटने लिहिलेलं आपल्याकडेच साठवून ठेवलं. दुसऱ्या नोडवर कुणी तीच फाइल उघडली. त्या नोडच्या कर्नलला लीजचा पत्ताच नाही. सिग्नल नाही, थांबणं नाही, वाचणाऱ्याच्या हातात जुना मजकूर. कुठेही एरर नाही, हे सगळ्यात वाईट.

२००७ मध्ये फाइल सिस्टीमला लीजचा निर्णय स्वतः घेता यावा म्हणून कर्नलमध्ये वेगळं हुक आलं. क्लस्टरभर पाळली जाईल अशी लीज देण्यासाठी ते होतं. जीएफएस२ ने ते सरळ नकारासाठी वापरलं. अपवाद एकच : माउंट करताना 'लोकलफ्लॉक्स' देऊन लॉक या नोडपुरतेच आहेत असं प्रशासकाने कबूल केलं, तरच लीज मिळते.

यावर नाराजी साहजिक होती. डीएलएम तर 'तुझ्यामुळे दुसरा अडलाय' हा निरोप धारकाला देतोच, मग लीजही त्यावरच का बांधू नये? युक्तिवाद दिसतो तितका सोपा नाही. जीएफएस२ चा ग्लॉक (डीएलएमच्या आधारे चालणारा तिचा लॉक) कर्नल आपल्या गतीने सोडतो; लीज सोडणं यूजरस्पेसमधल्या, म्हणजे कर्नलबाहेरच्या, प्रोग्रॅमच्या मर्जीवर. दोन्हींची गाठ मारली तर एका झोपलेल्या प्रोसेसपायी दुसऱ्या नोडवरचा साधा, फाइलची माहिती विचारणारा 'स्टॅट' कॉलसुद्धा पाऊण मिनीट लटकू शकतो. नकाराने वेग जातो, डेटा जात नाही. एनएफएसमध्ये तर डेलिगेशन देणं न देणं सर्व्हरच्याच मर्जीवर असतं. न मिळाल्याने क्लायंटचं काही बिघडत नाही.

सांबाने वाट पाहिली नाही. सीटीडीबी या क्लस्टरभर पसरलेल्या डेटाबेसमधून ऑपलॉकचा हिशेब यूजरस्पेसमध्येच ठेवला जाऊ लागला. एसएमबीच्या क्लायंटपुरतं ते चोख चालतं. तीच फाइल दुसऱ्या नोडवरून एनएफएसने उघडणाऱ्याला मात्र त्या हिशेबाची खबर नसते.