वापरलेल्या कपड्यांतून रोग लागतात?

"दुसऱ्याने घातलेले कपडे घेऊ नयेत, त्वचेचे रोग लागतात." वर्षानुवर्षे फिरणाऱ्या या वाक्यात तथ्य थोडे आणि भीती फार.

खरजेचा किडा माणसाच्या त्वचेपासून दूर साधारण २-३ दिवसच जगतो. कपड्यांतल्या उवांना रक्त मिळाले नाही तर त्या आठवडाभरात मरतात. कपडा ५५ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात धुऊन कडक वाळवला, की दोन्हींचा प्रश्न मिटतो. ढेकूण मात्र चिवट, महिनोन्‌महिने उपाशी राहतात. म्हणून शिवणी, खिसे आणि कॉलरची आतली बाजू उलटून बघाच. गरम पाणी न सोसणारा लोकरी कपडा पिशवीत बंद करून उणे १८ अंशांवर ४ दिवस ठेवला तरी चालतो.

उलट नवाकोरा कपडा निर्धोक असतो, हाही गैरसमजच. सुरकुत्या पडू नयेत म्हणून वापरलेले फॉर्मल्डिहाइड किंवा पॉलिस्टरवरचे काही रंग यांमुळे काहींच्या अंगावर पुरळ उठते. नवा कपडाही आधी धुवावा, तो यासाठीच. अनेक धुण्यांतून गेलेल्या कपड्यात सुटे रंग आणि रसायने कमीच उरतात.

या भीतीपोटी धडधाकट कपडे बाद होतात, याचे मला खरोखर वाईट वाटते. वस्तूंच्या पुनर्वापरासाठी काम करणाऱ्या एलेन मॅकआर्थर फाउंडेशन या संस्थेच्या २०१७ च्या अहवालानुसार, एक कपडा टाकण्याआधी सरासरी जितक्या वेळा घातला जाई, ते प्रमाण १५ वर्षांत ३६ टक्क्यांनी घटले. आणि 'टाकला तरी त्याचा पुन्हा कपडाच होतो' म्हणावे, तर कपड्यांसाठी लागणाऱ्या मालापैकी १ टक्क्याहूनही कमी माल नव्या कपड्यात परततो.