चावीच्या दांडीजवळची फट

घड्याळाच्या कडेला असलेली छोटी चावी हलकेच बाहेर ओढून पाहा. तिची दांडी एका छिद्रातून थेट यंत्रात जाते. रोलेक्सच्या सुरुवातीच्या पंचवीसेक वर्षांतला सगळ्यात रंजक भाग मला या छिद्रात दिसतो.

लहानपणीच आईवडील गमावलेल्या हान्स विल्सडॉर्फने 1905 मध्ये, चोविसाव्या वर्षी, आल्फ्रेड डेव्हिससोबत लंडनमध्ये कंपनी काढली. यंत्रं स्वित्झर्लंडच्या बील गावातून, एग्लर यांच्या कारखान्यातून यायची. 'रोलेक्स' हे नाव 1908 चं. मनगटी घड्याळ म्हणजे बायकांचा दागिना, ते वेळ काय पाळणार, असं तेव्हा लोक म्हणत. पण 1914 मध्ये रोलेक्सच्या मनगटी घड्याळाला घड्याळांची अचूकता तपासणाऱ्या, लंडनजवळच्या क्यू वेधशाळेचं 'अ' श्रेणीचं प्रमाणपत्र मिळालं. चाचणी 45 दिवसांची होती. घड्याळ आडवं, उभं ठेवून आणि तापमान बदलून तपासलं गेलं, कारण उष्णतेने केसाएवढी बारीक स्प्रिंग मऊ पडते आणि घड्याळ मागे पडतं.

अचूकता साधली, पण धूळ आणि ओल आत शिरतच होती. रोलेक्सच्या 1926 च्या 'ऑयस्टर' या घड्याळात काचेभोवतीची कडी आणि मागचं झाकण आट्यांनी घट्ट बसवलं. कडीवरच्या खाचा आज शोभेच्या वाटतात, त्या मुळात हत्याराच्या पकडीसाठी होत्या! चावीही आट्यांवर फिरवून बंद करायची. ऑयस्टर म्हणजे कालव. कोकणात खडकावरची कालवं काढणाऱ्यांना ते शिंपले किती घट्ट मिटतात हे वेगळं सांगायला नको.

ऑक्टोबर 1927 मध्ये मर्सिडीज ग्लाइट्झ ही लंडनची टायपिस्ट इंग्लिश खाडीत पोहायला उतरली, तेव्हा तिच्या गळ्यात ऑयस्टर होतं. त्याच महिन्यात तिने खाडी पार केली होती, पण लोकांनी शंका घेतल्यामुळे ती पुन्हा उतरली होती. दहा तासांनंतर थंडीपुढे तिला थांबावं लागलं. घड्याळ मात्र चालू होतं. रोलेक्सने त्याची पानभर जाहिरात केली. तिच्या जिद्दीचं मला घड्याळापेक्षा जास्त अप्रूप वाटतं.

तरी एक अडचण उरलीच. रोज चावी द्यायची म्हणजे रोज आटे सोडवायचे. पुन्हा घट्ट करायला एकदा विसरलं, की पाणी आत. 1931 मध्ये रोलेक्सने यंत्रावर एक अर्धगोल वजन बसवलं. ते आसाभोवती पूर्ण गोल फिरू शकायचं. हात हलला की वजन फिरायचं आणि घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग गुंडाळली जायची. हार्वूड या इंग्रज कारागिराने आपोआप चावी बसणारं मनगटी घड्याळ आधीच केलं होतं, पण त्यातलं वजन दोन्ही बाजूंना आपटून परत फिरायचं. आता घड्याळ रोज हातात असलं, की चावी आट्यांमध्ये मिटलेलीच राहू शकत होती.