तुमच्या प्रूफमध्ये आम्ही ‘इज’चं ‘आर’ का केलं?

(इंग्रजी मजकूर टाइप आणि छपाईसाठी देणाऱ्या ग्राहकांकरिता)

लग्नपत्रिका असो, सोसायटीची नोटीस असो की बँकेला द्यायचं पत्र, इंग्रजी मजकूर टाइप करताना आम्ही तो वाचतोही. मग प्रूफ (छपाईआधी तपासायची प्रत) हातात पडलं की विचारणा होते, ‘मी इज लिहिलं होतं, तुम्ही आर कसं टाकलंत?’ काउंटरवर गर्दी असताना हे नीट सांगणं होत नाही, म्हणून हे पत्रक.

दोन कर्ते ‘अँड’ने जोडले की क्रियापद अनेकवचनी, एवढं शाळेत सगळ्यांनीच शिकलेलं असतं. ‘द लायसन्सर अँड द लायसन्सी (जागा देणारा आणि घेणारा) हॅव अग्रीड’ यात कुणी चुकत नाही. शिवाय भाडेकरारात बहुतेक ठिकाणी ‘शॅल’ असतं आणि ते एकाला किंवा दहांना तसंच राहतं. घोळ होतो तो इज-आर, वॉज-वेअर, हॅज-हॅव यांत आणि वर्तमानकाळातल्या शेवटच्या ‘एस’मध्ये.

सगळ्यात जास्त दुरुस्त्या आम्ही कुठे करतो? सोसायटीच्या आणि संस्थांच्या इतिवृत्तात. मराठीत आपण लिहितो, ‘चेअरमनसाहेब सभासदांसह उपस्थित होते.’ यातलं ‘होते’ साहेबांच्या मानाचं आहे. ते एकटे आले असते तरी आपण ‘होते’च म्हटलं असतं. इंग्रजी करताना मात्र त्या ‘होते’चं सरळ ‘वेअर’ होतं आणि कागदावर येतं, ‘द चेअरमन, अलाँग विथ द मेंबर्स, वेअर प्रेझेंट.’ इंग्रजी क्रियापदाला मानाशी देणंघेणं नाही, ते फक्त डोकी मोजतं. आणि ‘अलाँग विथ’च्या मागून आलेली डोकी तर मोजतही नाही. सभासद शंभर असले तरी तिथे ‘वॉज’ हवं. ‘ॲज वेल ॲज’, ‘टुगेदर विथ’, ‘इन ॲडिशन टू’ यांचंही तसंच. सभासदांना बाजूला बसवल्यासारखं वाटत असेल तर ‘अँड’ वापरा: ‘द चेअरमन अँड द मेंबर्स वेअर प्रेझेंट.’ आम्हाला विचाराल तर इतिवृत्तात हेच बरं दिसतं.

लग्नपत्रिकेत याच कारणाने एक ‘एस’ येतो-जातो. ‘मिस्टर अँड मिसेस’ अमुक यांच्या नावाने निमंत्रण असेल तर ‘रिक्वेस्ट द प्लेझर ऑफ युअर कंपनी’, कारण निमंत्रक दोघं. एकट्या आईच्या नावाने असेल तर ‘रिक्वेस्ट्स’. तिच्या नावापुढे ‘अलाँग विथ हर सन्स’ घातलं तरी ‘रिक्वेस्ट्स’च राहतं. मुलांनाही बरोबरीचे निमंत्रक करायचं असेल तर ‘अँड हर सन्स’ लिहा, मग ‘रिक्वेस्ट’. निमंत्रक कोण हे घरात आधी ठरवून मजकूर द्यावा ही विनंती. तो निर्णय आम्ही घेऊ शकत नाही.

‘द’ एकदा आला की दोनदा, हेही आम्ही बघतो. ‘द सेक्रेटरी अँड द ट्रेझरर हॅव साइन्ड’ म्हणजे माणसं दोन आणि सह्या दोन. ‘द सेक्रेटरी अँड ट्रेझरर हॅज साइन्ड’ म्हणजे दोन्ही पदं एकाच माणसाकडे. तुमच्या मजकुरात ‘द’ एक आणि खाली सह्यांच्या जागा दोन असतील तर आम्ही फोन करून विचारतो.

मेनूकार्डात गंमत वेगळीच. ‘पुरी अँड भाजी इज सर्व्ह्ड टिल इलेव्हन’ बरोबर आहे, कारण ती एकच प्लेट आहे. पुरी वेगळी मागवायला कुणी येत नाही. ‘इडली अँड डोसा आर अव्हेलेबल’ इथे पदार्थ दोन, म्हणून ‘आर’. इंग्रजांचं ‘ब्रेड अँड बटर इज’ असंच एका प्लेटचं आहे. आपणही ‘पोळी-भाजी तयार आहे’ म्हणतोच की!

दुकानाच्या नावात ‘अँड सन्स’ असेल तर मुलगे किती ते मोजायचं नाही. दुकान एक, म्हणून ‘हॅज मूव्ह्ड’. ब्रिटिश वळणात कंपनीच्या नावापुढे ‘हॅव’ही चालतं, पण एका पत्रात वर ‘हॅज’ आणि खाली ‘देअर कस्टमर्स’ असं आम्ही जाऊ देत नाही. तिथे ‘इट्स’ करतो.

‘ऑर’ आणि ‘नॉर’ आले की क्रियापद जवळच्या शब्दाकडे बघतं. ‘नायदर द सेक्रेटरी नॉर द मेंबर्स वेअर इन्फॉर्म्ड’, पण क्रम उलटला तर ‘नायदर द मेंबर्स नॉर द सेक्रेटरी वॉज इन्फॉर्म्ड’. दुसरं वाक्य नियमात बसतं, पण कानाला खटकतं, म्हणून अनेकवचनी शब्द आम्ही ‘नॉर’च्या नंतर घेतो. बँकेच्या जॉइंट खात्याच्या पत्रात ‘ईदर माय वाइफ ऑर आय’ असं आलं तर पुढे नियमाने ‘ॲम’ येतं, आणि ते वाचून ग्राहक हमखास परत येतात. त्यापेक्षा ‘ईदर ऑफ अस इज ऑथराइज्ड’ लिहून मोकळं व्हावं. ‘एव्हरी’ किंवा ‘ईच’ कर्त्याच्या आधी असेल तर ‘अँड’ असूनही एकवचन: ‘एव्हरी ओनर अँड टेनंट इज रिक्वेस्टेड.’

एका ठिकाणी जाणकारांचंही एकमत नाही. जागेच्या जाहिरातीत ‘देअर इज अ हॉल अँड टू बेडरूम्स’ लिहावं की ‘देअर आर’? काटेकोर नियमाने ‘आर’, पण पहिला शब्द ‘अ हॉल’ असल्यामुळे बरेच जण ‘इज’च लिहितात आणि त्याला चूक म्हणणं जड जातं. आम्ही वादात न पडता ‘द फ्लॅट हॅज’ करून टाकतो. जाहिरातीत शब्दही वाचतो.

आमची दुरुस्ती प्रूफवर लाल शाईने दिसेल. मान्य नसेल तर शेजारी ‘मूळ ठेवा’ लिहा, आम्ही मूळच ठेवू. कोर्टात किंवा सरकारी कार्यालयात द्यायच्या कागदाला तुम्ही सांगितल्याशिवाय हात लावत नाही. तिथे वकिलांनी दिलेला मजकूर अक्षरशः तसाच टाइप होतो. ‘छापा’ लिहून सही झाली आणि फाइल प्रेसला गेली की पुढच्या बदलाला छपाईच्या नव्या प्लेटचा खर्च पडतो, तेव्हा सहीआधी घरातल्या आणखी एकाला वाचायला द्या.