आठवीला हायस्कूल निवडताना: बुजऱ्या, रानात रमणाऱ्या मुलाच्या पालकांसाठी

आपल्याकडे सातवी झाली की गावची शाळा सुटते. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरचं मूल पंधरा-वीस पोरांच्या शाळेतून एकदम गजबजलेल्या हायस्कुलात जातं. माझा मुलगा सातवीत असताना दर सोमवारी सकाळी पोट धरून बसायचा. तोच मलप्रभेच्या काठी तासभर न हलता खंड्या बघायचा. आम्ही त्याला हट्टी समजत राहिलो, त्यात एक वर्ष गेलं.

आधी कायदा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिक शिक्षण पहिली ते आठवी असं धरलं आहे. त्यामुळे आठवीच्या प्रवेशासाठी मुलाची चाचणी किंवा पालकांची मुलाखत घेता येत नाही, देणगीही मागता येत नाही (कलम 13). शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना कलम 17 ने बंदी आहे. नववीला हा आधार राहत नाही, म्हणून शाळा बदलायचीच असेल तर आठवीला बदला.

दाखला काढण्याआधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, शाळा भरलेली असताना जाऊन या. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत जा. घोळक्यात न मिसळणारं मूल त्या वेळी कुठे बसतं, ते बघा. झाडाखाली बसायला जागा आहे का? वाचनालय उघडं असतं की कुलूपबंद? इको क्लब आहे म्हणाले तर रोपांच्या पिशव्या दाखवायला सांगा; पिशव्यांतली माती ओली असेल तर क्लब खरा. मुख्याध्यापकांना सरळ विचारा, ‘मूल घाबरून वर्गाबाहेर गेलं तर तुम्ही काय करता?’ उत्तर ‘आमच्याकडे असं होत नाही’ असं आलं, तर मी पुढची शाळा बघेन.

आणखी एक गोष्ट इथलीच. मराठी माध्यमात मराठी प्रथम भाषा राहते, दहावीला 125 गुणांची, पण कन्नड शिकावंच लागतं. बुजऱ्या मुलाची निम्मी भीती त्याच तासाची असते. कन्नडचे शिक्षक मराठीतून समजावतात का, हे त्याच वर्गातल्या पोरांना विचारा.

कागदपत्रं फार नाहीत: सातवीचा निकाल, शाळा सोडल्याचा दाखला, एसएटीएस क्रमांक (सरकारी नोंदीतला विद्यार्थ्याचा नंबर, जुन्या शाळेत मिळतो), जन्मदाखला, आधार, फोटो. शिष्यवृत्तीसाठी जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून (महसूल खात्याचं स्थानिक ऑफिस), सोबत बँक पासबुक. नावाची अक्षरं मात्र दाखला आणि आधार समोरासमोर ठेवून तपासा. कन्नडमधून इंग्रजीत जाताना आडनाव बदलतं आणि ते दहावीच्या तोंडावर निस्तरावं लागतं. महाराष्ट्रातून, चंदगड-गडहिंग्लजकडून येणाऱ्यांनी दाखल्यावर तिकडच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊनच यावं, खेपा वाचतात.

मुलाच्या स्वभावासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र प्रवेशाला लागत नाही. त्याऐवजी मुख्याध्यापकांना अर्धं पान लिहून द्या: कशाने घाबरतो, कशाने शांत होतो. आम्ही लिहिलं होतं, ‘सगळ्यांसमोर अचानक उभं करून विचारू नका, आधी सांगितलंत तर तो बोलतो.’ वर्गशिक्षिकेने तो कागद हजेरीपटात ठेवला. झोप उडाली, जेवण सुटलं, शाळेचं नाव काढताच धाप लागली, तर मात्र थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, आणि बेळगावच्या सिव्हिल हॉस्पिटलात मानसोपचार विभाग आहे.

शाळेने आठवीच्या प्रवेशासाठी चाचणी किंवा देणगी मागितली, तर बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) ऑफिसला लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. त्यावरचं ऑफिस डीडीपीआयचं (शिक्षण खात्याचे उपसंचालक): खानापूर, बेळगावकरांसाठी बेळगाव, निपाणीकरांसाठी चिकोडी.

बसपासचा अर्ज कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू या संकेतस्थळावर होतो. मुलींना साध्या सरकारी बसला 2023 पासून तिकीट नाही. शाळा सुरू होण्याआधी एकदा त्याच वेळेच्या बसने मुलाला घेऊन जा. खिडकीशी बसवा आणि कुठे उतरायचं ते त्यालाच सांगू द्या.