लिव्हरमध्ये चरबी की साखर? टाइप वनवाल्या मुलांचा रिपोर्ट आला की आधी हे बघा

पंधरा-सोळा वर्षांचं बारीक पोरगं, टाइप वन डायबिटीस, महिनोन्महिने शुगर हाताबाहेर, एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट) ११-१२ टक्के, मधेच किटोन्स (इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून रक्तात साठणारी आम्लं) वाढून ॲडमिट, आणि आता उजव्या बरगडीखाली दुखतंय म्हणून सोनोग्राफी केली तर लिव्हर मोठं आणि ब्राइट (नेहमीपेक्षा पांढरट). मग घरात लगेच ठरतं, फॅटी लिव्हर झालं, तेलकट बंद, जेवण कमी. पण थांबा, ती चरबी नसून साखर असू शकते.

याला ग्लायकोजेनिक हेपॅटोपॅथी म्हणतात. रक्तात साखर भरमसाट असली की ती लिव्हरच्या पेशीत इन्सुलिनशिवायही शिरते, नंतर शुगर उतरवायला इन्सुलिनचा मोठा डोस दिला की तीच साखर ग्लायकोजेन (शरीर साखर साठवतं ते रूप) होऊन तिथेच साठते, आणि डोस चुकवणं-मग भरपाई करणं असं सारखं चाललं की पेशी फुगत जातात. फॅटी लिव्हरमध्ये साठते ती चरबी, बहुतेकदा वाढलेलं वजन आणि इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीर इन्सुलिनला नीट दाद न देणं) यामुळे, तेही हळूहळू.

एसजीपीटी-एसजीओटी (लिव्हरच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइम्स) फॅटी लिव्हरमध्ये सहसा थोडेच वाढतात. ग्लायकोजेनवाल्यात कधीकधी हजाराच्या वर जातात, बघून धडकी भरते, पण लिव्हरचं काम कसं चाललंय ते सांगणारं बिलिरुबिन आणि अल्ब्युमिन बहुधा नॉर्मलच असतं. सोनोग्राफीत मात्र दोन्ही सारखेच दिसतात, घोळ होतो तो इथेच! साध्या सीटी स्कॅनमध्ये चरबीचं लिव्हर काळपट दिसतं, ग्लायकोजेनचं उलट जास्त पांढरं, एमआरआयनेही चरबी कळते, आणि अगदीच अडलं तर बायोप्सी. त्याआधी कावीळचे व्हायरस, ऑटोइम्यून हेपॅटायटिस (शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटते तो आजार), सिलिॲक (गव्हातलं ग्लूटेन न सोसणारा आतड्यांचा आजार) हे तपासून घ्यावंच लागतं, टाइप वनमध्ये शेवटचे दोन जास्त आढळतात.

१९३० मध्ये मोरियाक नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी अशीच मुलं नोंदवली होती, मोठं लिव्हर, खुंटलेली उंची, उशिरा वयात येणं. म्हणून उंचीही मोजा, नुसतं पोट बघू नका.

फॅटी लिव्हर वर्षानुवर्षं राहिलं तर सिरॉसिसपर्यंत (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं) जाऊ शकतं. ग्लायकोजेनवालं मात्र शुगर ताब्यात आली की बऱ्याचदा काही आठवड्यांतच उतरायला लागतं, आणि त्याचं औषध म्हणजे रोजचं, न चुकता घेतलेलं इन्सुलिन. त्यामुळे पोराला उपाशी ठेवणं किंवा लिव्हरच्या भीतीने इन्सुलिन कमी करणं अगदी उलटं आहे, किटोन्स वाढून जिवावर बेतू शकतं. फक्त एचबीएवनसी खूप चढलेलं असेल तर ते किती वेगाने खाली आणायचं हे डॉक्टरांनाच ठरवू द्या आणि डोळ्यांचा पडदा आधी तपासून घ्या, शुगर झपकन उतरली तर पडद्याचा त्रास सुरुवातीला वाढू शकतो.