हॉकीपटू घडतो तो मैदानावरच्या मिनिटांत

पिंपरीतील नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियमवर चौदा वर्षांखालील मुलांचा सामना पाहणाऱ्याच्या नजरेत सर्वांत आधी भरतो तो मुलांच्या अंगलटीतला फरक. एकाला मिसरूड फुटलेली असते, खांदे भरलेले असतात, आणि त्याला अडवायला उभा राहिलेला मुलगा त्याचा धाकटा भाऊ शोभावा असा असतो. कागदोपत्री दोघेही एकाच वयोगटातले. मुलांमध्ये उंची झपाट्याने वाढण्याचा काळ साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो, मुलींमध्ये तो बाराव्या वर्षाच्या सुमारास येतो; परंतु ही झाली सरासरी. प्रत्यक्षात एकाच वर्षी जन्मलेल्या दोन मुलांच्या हाडांचे वय मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून काढले, तर त्यांत तीन-चार वर्षांचे अंतर निघू शकते. अठराव्या-विसाव्या वर्षापर्यंत हे अंतर बहुतेक भरून निघते. मात्र तोपर्यंत जिल्ह्याच्या आणि राज्याच्या निवड चाचण्या होऊन गेलेल्या असतात, आणि कोणाला किती खेळायला मिळाले याचा हिशोबही पक्का झालेला असतो.

या हिशोबाचा पहिला ठळक पुरावा हॉकीतूनच आला, तोही आपल्या मैदानी हॉकीतून नव्हे तर बर्फावरच्या हॉकीतून. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की, तेथील अव्वल कनिष्ठ संघांत जानेवारी ते मार्च या महिन्यांत जन्मलेल्या खेळाडूंचा भरणा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त होता. वयोगट १ जानेवारीपासून मोजला जात असल्याने जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो. दहाव्या वर्षी हे एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा हिस्सा. पुढे स्टीफन कोब्ली आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये १६ देशांतील १४ खेळांवरचे ३८ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा कमीअधिक प्रमाणात हाच कल दिसला.

महाराष्ट्रात असा अभ्यास करायचा तर आधी १ जूनचे काय करायचे ते ठरवावे लागेल. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीने लावलेली ही जन्मतारीख आपल्याकडे घरटी एखाद्याची तरी असतेच, आणि नव्या पिढीत नोंदी सुधारल्या असल्या तरी वयोगटाच्या स्पर्धांत कागदावरचे वय हा अजूनही वादाचा विषय आहे. पण कागद खरा असो वा खोटा, मैदानावर उतरते ते शरीर.

मोठ्या चणीच्या मुलाला संघात घेतले जाते, कारण आज सामना जिंकायचा असतो. संघात आला म्हणून त्याला चांगला प्रशिक्षक, चांगले प्रतिस्पर्धी आणि टर्फवरचे, म्हणजे कृत्रिम हिरवळीच्या मैदानावरचे, अधिक तास मिळतात. दोन वर्षांनी तो खरोखरच अधिक चांगला खेळू लागतो आणि मूळ निवड बरोबर होती असे सर्वांनाच वाटते. ही फसगत फार बेमालूम असते, कारण तिच्यातला प्रत्येक माणूस प्रामाणिक असतो. ती फसगतच आहे हे कळले तेही बर्फावरच्या हॉकीतूनच. रॉबर्ट डीनर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक लीगसाठी १९८० ते २००७ या काळात निवडल्या गेलेल्या कॅनडियन खेळाडूंची कारकीर्द तपासली. निवडीच्या यादीत सारख्याच क्रमांकावर असलेल्यांची तुलना केली असता, वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेल्या खेळाडूंनी ४०० सामने किंवा २०० गुण (स्वतः केलेले गोल आणि गोलला केलेले साहाय्य मिळून) यांसारखे टप्पे गाठण्याची शक्यता पहिल्या तिमाहीत जन्मलेल्यांच्या सुमारे दुप्पट निघाली. म्हणजे निवडणाऱ्यांनी त्यांना सातत्याने कमी लेखले होते. अर्थात ही झाली त्या यादीपर्यंत पोहोचलेल्यांची गोष्ट. बाराव्या वर्षीच स्टिक माळ्यावर टाकलेल्यांची नोंद कोणत्याच यादीत नसते.

ती मुले खेळ का सोडतात, याचे उत्तर केवळ शरीरात सापडत नाही. अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये स्वसामर्थ्याच्या जाणिवेविषयी जो सिद्धांत मांडला, त्यात ‘हे मला जमेल’ हा विश्वास चार वाटांनी येतो असे म्हटले आहे. आपण स्वतः एखादी गोष्ट करून दाखवणे ही पहिली आणि सर्वांत बळकट वाट. आपल्यासारख्याच कोणाला तरी ती करताना पाहणे ही दुसरी, दुसऱ्याने धीर देणे ही तिसरी, आणि छातीतली धडधड, हातापायांचे कापणे यांचा आपण लावलेला अर्थ ही चौथी. आपल्याकडे सारा भर असतो तो तिसऱ्या वाटेवर. सीमारेषेबाहेरून ‘घाबरू नकोस, बिनधास्त खेळ’ असे ओरडून सांगणारे पालक आणि प्रशिक्षक पुण्याच्या कोणत्याही मैदानावर भेटतील. पण करून दाखवायला चेंडूच मिळाला नाही, तर हा धीर फार काळ पुरत नाही.

राखीव खेळाडूंच्या बाकावर बसलेल्या मुलाचे उदाहरण घेऊ. चौथ्या क्वार्टरमध्ये शेवटची तीन मिनिटे उरली असताना त्याला आत पाठवले जाते. अंग थंड पडलेले असते, पाणी मारलेल्या टर्फवर चेंडू त्याच्या अंदाजापेक्षा वेगाने येतो आणि ट्रॅप करताना, म्हणजे स्टिकने अडवून ताब्यात घेताना, उसळतो. त्या क्षणी तो चेंडूकडे पाहत नाही, बाकाकडे पाहतो. पुढच्या खेपेला चेंडू आला की समोर मोकळी जागा असूनही तो पहिल्याच स्पर्शात मागे, हाफबॅककडे ढकलून देतो, कारण मागे दिलेल्या पासबद्दल कोणी रागावत नाही. प्रशिक्षकाच्या मनात नोंद होते की हा मुलगा धाडस करत नाही, आणि पुढच्या सामन्यातही त्याच्या वाट्याला शेवटची तीन मिनिटेच येतात. याच मुलाला दुसऱ्या क्वार्टरमध्ये सलग दहा मिनिटे मिळाली असती, तर पहिला चुकलेला ट्रॅप सावरायला आणखी चार-पाच चेंडू मिळाले असते आणि चूक ही त्या दिवसाची शेवटची आठवण ठरली नसती. माझ्या मते संधी किती मिळाली याइतकेच ती कोणत्या स्वरूपात मिळाली हेही महत्त्वाचे आहे. तुटक तीन-तीन मिनिटांची बेरीज कागदावर दहा भरली तरी तिचा उपयोग दहा मिनिटांचा होत नाही.

हॉकीत या भीतीचा परिणाम थेट मानेवर दिसतो. स्टिकची एकच सपाट बाजू वापरता येते, चेंडू पायापुढे जमिनीलगत असतो आणि खेळाडू कमरेत वाकलेला असतो, त्यामुळे ज्याला चेंडू हातातून निसटेल अशी धास्ती असते त्याची नजर स्टिकलाच चिकटून राहते. मान वर करून ‘डी’मध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, कोण मोकळे आहे हे पाहायचे, तर चेंडूवरून अर्धा सेकंद नजर काढण्याइतका भरवसा आपल्या मनगटावर असावा लागतो. पाहणाऱ्यांना वाटते की या मुलाला खेळाची समज नाही. खरे तर समज वापरायला लागणारी नजरच त्याच्याकडे मोकळी नसते.

आत्मविश्वास आणि कामगिरी यांचे नाते किती घट्ट आहे, यावरही मोजमाप झाले आहे. सँड्रा मॉरिट्झ आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ४५ अभ्यास एकत्र केले, तेव्हा या दोहोंमधील सहसंबंध सरासरी ०.३८ निघाला. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही आणि एक म्हणजे पूर्ण संबंध, हे लक्षात घेता हा आकडा मध्यम म्हणावा लागेल. शिवाय सहसंबंधावरून कारण कोणते आणि परिणाम कोणता हे ठरत नाही. चांगले खेळल्यामुळे विश्वास वाढतो ही बाजूही तितकीच खरी असते. उलट, टिम वुडमन आणि सहकाऱ्यांच्या २०१० मधील एका प्रयोगात दोरीवरच्या उड्या मारण्यात तरबेज असलेल्यांचा आत्मविश्वास मुद्दाम थोडा कमी केला, तर त्यांची कामगिरी सुधारली; त्यांनी अधिक जोर लावला असे मात्र मोजमापात दिसले नाही. तेव्हा मुलाला उठताबसता ‘तूच सर्वोत्तम’ असे सांगण्याने भले होईलच असे नाही.

संधीचा विषय निघाला की पुण्यात धनराज पिल्ले यांचे नाव निघते आणि त्याचा अर्थ बऱ्याचदा उलटा लावला जातो. खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरी वसाहतीत तुटक्या स्टिक बांधून खेळलेला मुलगा १९८९ मध्ये भारताकडून खेळू लागला आणि १९९२ ते २००४ या काळात चार ऑलिंपिक स्पर्धांत उतरला, यावरून साधने नसली तरी जिद्द असली की पुरे असा निष्कर्ष काढला जातो. पण त्यांच्या वाटचालीकडे नीट पाहावे. वसाहतीतच मैदान होते, थोरले भाऊ हॉकी खेळत होते आणि घरातून पाठिंबा होता. पुढे भाऊ रमेश मुंबईत आरसीएफ या खत कंपनीच्या संघाकडून खेळत असल्याने धनराज तिकडे गेले आणि नंतर महिंद्रा अँड महिंद्राच्या संघात त्यांना जोकिम कार्व्हालो यांचे मार्गदर्शन लाभले. साधनांची टंचाई होती, संधींची साखळी मात्र कुठे तुटली नव्हती. बँडुरांची दुसरी वाट तर त्यांच्या घरातच होती. त्याच मैदानावर ज्यांना असा भाऊ नव्हता त्यांच्यात गुण किती होते, हे कोणालाच सांगता येणार नाही.

वसाहतीतल्या त्या मोकळ्या खेळाचे मोल कमी नव्हे. कॅनडाचे संशोधक जाँ कोते अशा खेळाला सरावाइतकेच महत्त्व देतात आणि साधारण बाराव्या वर्षापर्यंत मुलांनी अनेक खेळ खेळावेत असे सुचवतात. आर्ने ग्युलिख यांनी २०१४ मध्ये जर्मनीच्या ऑलिंपिक सुवर्णपदक विजेत्या हॉकीपटूंची राष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडूंशी तुलना केली, तेव्हा सुवर्णविजेत्यांनी इतर खेळांतही अधिक भाग घेतला होता आणि केवळ हॉकीकडे ते उशिरा वळले होते असे दिसले. आपल्याकडे एका खेळाकडे गांभीर्याने वळण्याचे जे वय, तेच नेमके दहावीचे वर्ष असते. त्यामुळे हळूहळू उमलणाऱ्या मुलाला ‘यंदा तरी अभ्यास कर’ हे सर्वांत आधी ऐकावे लागते.

मैदानाचा पृष्ठभाग हीदेखील संधीच आहे. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम टर्फवर खेळली गेली आणि भारत सातवा आला. आजही शाळेच्या मुरमाड मैदानावर खेळणारा मुलगा कधी कधी निवड चाचणीच्या दिवशीच टर्फवर पहिल्यांदा पाय ठेवतो. उसळणाऱ्या चेंडूसाठी तयार झालेले त्याचे हात सरपटत येणाऱ्या चेंडूला उशिरा पोहोचतात. अशा चाचणीत गुणवत्तेइतकेच टर्फवर घालवलेले तासही मोजले जातात, आणि चाचणीआधी आठवडाभर टर्फवर सरावाची सोय करणे ही त्यावर अगदी साधी तोड आहे.

संधीच्या या असमान वाटणीवर हॉकीच्या नियमांतच बराच उपाय दडलेला आहे. सामन्यात खेळाडू कितीही वेळा बदलता येतात, बाहेर गेलेला पुन्हा आत येऊ शकतो, आणि क्वार्टरांमुळे खेळाचे चार भाग आयतेच पडतात. स्पर्धेत प्रत्येक मुलगा किती मिनिटे आणि कोणत्या क्वार्टरमध्ये खेळला याची वही ठेवायला घड्याळ आणि एक पालक पुरेसा आहे. अडचण येते ती दुसऱ्या गोलरक्षकाची. आघाडीचे खेळाडू दर काही मिनिटांनी बदलले जातात, पण गोलरक्षक बदलण्याची सहसा कोणाची तयारी नसते. दुसरा गोलरक्षक पॅड बांधून सबंध स्पर्धा बसून काढतो आणि पहिल्याला दुखापत झाली की थेट पेनल्टी कॉर्नरसमोर उभा केला जातो. साखळीतल्या सामन्यांत एक पूर्ण क्वार्टर त्याच्या नावावर राखून ठेवायला, तोही निकाल लागायच्या आधीचा, कोणताही नियम आड येत नाही.